परत घेतलेली साक्ष

आमची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी एका खोलीत उपासनेला जमते, आणि तिसरं गीत झालं की साक्षीची वेळ येते. ज्याला प्रभूने काही दिलं असेल त्याने उभं राहून चार लोकांत सांगायचं. कुणाची हरवलेली किल्ली सापडलेली असते, कुणाचा गुडघा दुखायचा थांबलेला असतो, कुणाच्या मुलीला एकदाची नोकरी लागलेली असते. ऐकून झालं की सगळे आमेन म्हणतात आणि पाळकसाहेबांच्या पत्नी, आमच्या पाळकीणबाई, ऑर्गनवर बोटं टेकवतात. 'माझा गुडघा अजून दुखतोच आहे' असं सांगायला कुणी उठल्याचं मला तरी आठवत नाही. गुडघे मात्र आमच्यात पुष्कळांचे दुखतात.

माझ्या थोरल्या जाऊबाई त्या वेळेला कायम मान खाली घालून बसायच्या. नवरा दारूपायी गेला, एकुलता एक मुलगा त्याच वाटेला लागला, आणि ड्रायक्लीनिंगच्या दुकानात दिवसभर उभ्याने इस्त्री करून पायांच्या शिरा सुजलेल्या. त्या उठून सांगणार तरी काय? मी तोंडाळ बाई, माझ्या जिभेला हाड नाही. त्या अगदी उलट. गिऱ्हाईक अंगावर ओरडलं तरी खाली बघून 'हो, होईल' एवढंच म्हणायच्या. आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या, शेवटी पाठ, हा क्रम त्यांनी घाईतही मोडला नाही. शर्टाचा आतून दुमडलेला, कुणाला न दिसणारा भागसुद्धा त्या तितकाच नीट करायच्या. मी हसायचे, तर म्हणायच्या, घालणाऱ्याला नाही दिसत, पण बघणारा बघतोच की.

आमच्या दोन घरांत एकच भिंत. पुतण्या पिऊन आला की मला इकडे कळायचं. आधी खुर्ची पडायची, मग जाऊबाई त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसल्या की त्याचं रडणं सुरू व्हायचं. तो वाईट नव्हता, आणि हे मी काकू म्हणून सांगत नाही. पिऊन त्याने कधी कुणावर हात उचलला नाही. वाटोळं केलं ते फक्त स्वतःचं, पण ते अगदी मन लावून केलं.

मग एका रविवारी मंडळीने त्याला पुढे बसवून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि तो खरंच थांबला. चेहऱ्यावर रंग आला. जेवायला लागला. माझ्या मोरीतला गळका नळ न सांगता येऊन दुरुस्त करून गेला, तेव्हा मी आत जाऊन डोळे पुसले. तेव्हाच, फार थांबू नये असं वाटून, जाऊबाई आयुष्यात पहिल्यांदा साक्षीला उभ्या राहिल्या. समोरची खुर्ची घट्ट धरली होती.

"माझा मुलगा सुटला," त्या म्हणाल्या. "औषध नाही, दवाखाना नाही. तुम्ही प्रार्थना केलीत आणि तो सुटला."

यातला शब्द न् शब्द त्या दिवशी खरा होता. माणसं रडली. पाळकसाहेब, जे भले पण थकलेले गृहस्थ आहेत, त्यांना तर कोरड्या विहिरीला पाणी लागल्यासारखं झालं. ते ती साक्ष दुसऱ्या मंडळ्यांतून सांगू लागले. तिकडची आमंत्रणं आली. जाऊबाईंना लोक 'साक्षवाल्या मावशी' म्हणायला लागले, आणि मंडळीतल्या एका गॅरेजमालकाने पुतण्याला गाड्या रंगवायच्या कामावर घेतलं. सुटलेला माणूस आहे, असं तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा.

पुढचं जाऊबाईंना इस्त्रीच्या टेबलावर कळलं. मुलाचे शर्ट त्या घरी धुवायच्या आणि दुकानातलं काम संपलं की तिथेच इस्त्री करायच्या. वाफ बसली की धुतलेल्या कपड्यातला उरलासुरला वास वर येतो. तसा तो आला. नवऱ्याच्या शर्टांतून जो वर्षानुवर्षं यायचा, तोच. त्यांनी तो शर्ट पुन्हा धुतला, पुन्हा इस्त्री केली आणि मग माझ्याकडे येऊन बसल्या. मी म्हटलं, पडला असेल एकदा, उठेल, आपण मूग गिळून बसू. आजही मी तेच सांगेन. चव्हाट्यावर नेऊन कुणाची दारू सुटलेली मी पाहिली नाही.

पण त्यांना चैन पडेना. त्या पाळकसाहेबांकडे गेल्या आणि माझी साक्ष आता सांगू नका म्हणाल्या. पाळकसाहेबांनी खूप वेळ कपाळ चोळलं. साक्ष देवाच्या गौरवासाठी असते, थोडी वाट पाहू, मीही रोज प्रार्थना करतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते खरंच करत असणार. जाऊबाई वाट पाहू लागल्या, आणि पुतण्या कामावरून उशिरा यायला लागला.

अशात एक दिवस शिलाईवाली दुकानात आली. ही आमच्याच मंडळीत मागच्या ओळीत बसणारी बाई, घरी ब्लाउज-झगे शिवून पोट भरते. तिचा मुलगाही पिणारा. त्याला तिने व्यसनमुक्ती केंद्रात घातलं होतं, गोळ्या चालू होत्या आणि पोरगा हळूहळू माणसात येत होता. ती पेढे वाटायला आल्यासारखी हसत आली. म्हणाली, मावशी, मी पण धीर केला, पोराला केंद्रातून घरी आणला, गोळ्या फेकून दिल्या. तुमच्यासारखाच विश्वास धरला.

जाऊबाईंच्या हातून इस्त्री सुटली नाही की काही जळलं नाही. त्यांनी तो शर्ट पुरा केला, घडी घातली आणि तिथेच तिला खरं काय ते सांगितलं. शिलाईवालीने त्यांचा हात हातात घेतला. तुमची परीक्षा चालली आहे मावशी, ती म्हणाली. परवाच पाळकसाहेबांनी तुमची साक्ष सांगितली, ते खोटं सांगतील का?

त्या संध्याकाळी जाऊबाई मला म्हणाल्या की चारचौघांत बोललेलं चारचौघांतच परत घ्यावं लागणार. मी समजावून थकले. गॅरेजची नोकरी जाईल, पोरगा तोंड लपवत फिरेल, आणि ती शिलाईवाली कोण लागते तुमची? त्या म्हणाल्या, तिचा मुलगा माझ्यामुळे घरी आलाय. पण मुलाला विचारल्याशिवाय त्या उभ्या राहणार नव्हत्या. मी तिथेच होते, निवडायचं धान्य मांडीवर घेऊन. पुतण्या शुद्धीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बघत बोलला.

"आई, गावभर मला लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. त्या एका खोलीत तरी मी सुटलेला आहे. तेवढं राहू दे."

जाऊबाई उठून स्वयंपाकाला लागल्या. मला वाटलं, मिटलं.

रविवारी तिसरं गीत झालं आणि त्या उठल्या. म्हणाल्या, मी दिलेली साक्ष परत घेते, माझा मुलगा पितो, कुणी गोळ्या बंद करू नका. एवढंच. आमेन कशाला म्हणायचं ते कुणाला कळेना. शेवट नसलेली साक्ष आमच्याकडे कधी झालीच नव्हती. पाळकीणबाईंनी घाईघाईने ऑर्गन सुरू केला, आणि आम्ही सगळे कधी नव्हे इतक्या मोठ्याने गायलो. माझ्या शेजारून पुतण्या उठला. दार आवाज न करता ओढून घेऊन गेला. तो पुन्हा आपल्या पायांनी तिथे आला नाही.

गॅरेजमालकाने महिना भरू दिला आणि मग काम कमी आहे म्हणून सांगितलं. आणि शिलाईवाली? तिने बायकांत सांगितलं की मावशींचा विश्वास कमी पडला, माझा पडणार नाही. मला हे कळलं तेव्हा संताप आवरेना. एका बाईने आपल्या पोराचा उरलासुरला निवारा मोडून दिला तो हिच्यासाठी, आणि हिने त्याचा हा अर्थ लावला. मी जाऊबाईंना म्हटलं, झालं समाधान? त्या म्हणाल्या, समाधानासाठी कोण बोललं होतं.

पुतण्या त्यानंतर घरी येई, न येई. आला की भिंतीपलीकडे खुर्ची पडायची, पण रडणं ऐकू यायचं नाही. ते थांबलं तेव्हाच मी मनाची तयारी केली. हिवाळा संपता संपता तो एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

अंत्यविधीची उपासना त्याच खोलीत झाली. त्याला पेटीत आणून पुढे ठेवलं, जिथे बसवून प्रार्थना केली होती तिथेच. पाळकसाहेब पेटीशेजारी उभे राहिले. या मुलाला प्रभूने एकदा मोकळं केलं होतं, ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि प्रभूने दिलेलं कुणी हिरावून घेत नाही, असं ते बोलले. त्यांना आईची समजूत घालायची होती. मला तर बरं वाटलं. वाटलं, पोरा, मिळाली तुला तुझी खोली परत.

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या पेटीकडे बघत नव्हत्या. मान वळवून मागच्या ओळीकडे बघत होत्या. तिथे शिलाईवाली बसली होती, डोळे भरून आलेले, चेहऱ्यावर केवढा तरी धीर. शेजारी तिचा मुलगा, सुजलेल्या डोळ्यांचा, बोटं थरथरणारा. मी जाऊबाईंचं मनगट धरलं आणि हळूच म्हटलं, राहू द्या. आज तरी राहू द्या. त्यांनी माझी बोटं सोडवली आणि उभ्या राहिल्या.

"तो सुटला नव्हता," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस थांबला होता. त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण औषधाशिवाय सुटला म्हणून मीच सांगून बसले होते. मग कुठल्या तोंडाने नेणार?" मग त्या शिलाईवालीकडे वळल्या. "बाई, तुझा अजून आहे. त्याला ने."

शिलाईवालीने मान खाली घातली. तिच्या मुलाने मात्र वर पाहिलं होतं, ते मी पाहिलं. ऑर्गन सुरू झाला.

याबद्दल मी जाऊबाईंना माफ केलेलं नाही. त्यांनी चुकीचं केलं असं मी म्हणत नाही, फक्त माफ केलेलं नाही. त्या पोराने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती दोनदा काढून घेतली गेली. शिलाईवालीने मंडळी बदलली. नवीन मंडळीत जाऊबाईंची पहिली साक्ष अजून सांगतात, असं ऐकते. लांबून पिणाऱ्या पोरांच्या आया येतात, दुकानाबाहेर थांबून साक्षवाल्या मावशी कुठे म्हणून विचारतात. त्या इस्त्री बाजूला ठेवतात, त्यांना स्टुलावर बसवतात आणि सगळं पहिल्यापासून सांगतात. आया हिरमुसून निघून जातात. कोण दवाखान्याकडे वळते आणि कोण दुसरी साक्ष शोधायला जाते, ते कळायला काही मार्ग नाही.

काल दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले तेव्हा त्यांनी विचारलं, शिलाईवालीचा मुलगा कुठे दिसतो का तुला. तो मला सकाळीच दिसला होता. मी डब्याचं झाकण काढत म्हटलं, दिसला, बरा वाटला.

त्यांनी इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. शर्टावर राहिलेल्या चुणीकडे बघतात तसं.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. दारूच्या दुकानामागच्या भिंतीशी, गटाराच्या कडेला पिऊन पडलेला, तोंडावर माशा बसलेल्या. त्यांनी बटण बंद केलं, अर्धा शर्ट तसाच टेबलावर टाकला आणि पायाने चपला चाचपडू लागल्या. जाऊन काही उपयोग नव्हता, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.