मागून घेतलेला दुसरा मजला

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर घर असणं हा एके काळी मोठा मान होता. आता सांगितलं तर हसाल. पण ज्यांनी सगळं आयुष्य जमिनीलगतच्या एका खोलीत काढलं, दार उघडलं की गल्ली आणि गल्ली ओलांडली की नळ, त्यांना वरचं घर म्हणजे खुंटीला टांगून ठेवल्यासारखं वाटायचं. विक्रोळीतली आमची वस्ती पाडून बिल्डरने त्याच जागेवर आमच्यासाठी ही इमारत बांधली आणि घरं लॉटरीने वाटली. मंडप घातला होता, स्पीकर लावला होता. पहिला-दुसरा मजला लागलेली माणसं घरात लग्न ठरल्यासारखी मिरवत होती. आम्हाला बारावा लागला.

सासूबाई तिथेच खुर्चीत बसून रडायला लागल्या. गुडघे गेलेले, आणि लिफ्टची भीती तर अशी की हॉस्पिटलातसुद्धा जिना मागायच्या. "त्या पेटयेत जीव गुदमारतलो माझो. माका वर नको गो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. नवरा कमिटीवाल्यांच्या मागे मागे फिरत होता आणि कमिटीवाले त्याला ओळखत नसल्यासारखे वागत होते.

तेव्हा ताई पुढे आली. वस्तीत आमच्या भिंतीला तिची भिंत. ती मूळची जालन्याकडची. नवरा लवकर गेला, पापड-कुरडया करून तिने मुलगा वाढवला, त्याचं लग्न लावून दिलं. बुद्धपौर्णिमेची तिच्याकडची खीर पहिल्यांदा आमच्या घरी यायची आणि गणपतीतले आमचे मोदक तिच्याकडे जायचे. तिला दुसरा मजला लागला होता. सासूबाईंच्या खुर्चीपाशी उकिडवी बसून ती म्हणाली, "मावशी, रडू नका. घ्या माझं घर. मला काय, वर वारं तरी लागंल."

कमिटीसमोर अदलाबदल झाली. लोकांनी तिला वेड्यात काढलं. सासूबाईंनी त्याच दिवशी तिची मीठ-मिरचीने दृष्ट काढली. मी तोंडाने आभार मानत होते, पण आम्ही हिला फसवतोय असंच मला मनातून वाटत होतं.

पहिलं वर्ष त्या वाटण्याला साजेसंच गेलं. लिफ्ट सारखी बंद पडायची. ताई नातीला कडेवर घेऊन जिना चढायची आणि दम खायला आमच्याकडे थांबायची. मी चहा टाकायचे. ती गेली की सासूबाई पंख्याखाली पाय पसरून म्हणायच्या, "देवान वाचवल्यान." आमच्या खिडकीत सकाळी चांगलं ऊन यायचं. मे महिन्यात गावाहून कोकम आलं की सासूबाई खिडकीखाली जुनं लुगडं अंथरून त्यावर सोलं वाळवायच्या आणि घरभर तो आंबट वास राहायचा. समोर पत्रे ठोकलेला मोकळा प्लॉट होता. तिथे काय होणार हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. विकायची बिल्डिंग तिथेच होणार होती, तिच्या जिवावर तर आमची फुकट घरं उभी राहिली होती. पण माहीत असणं वेगळं आणि खिडकीतून रोज बघत बसणं वेगळं.

पत्र्यांमागून आधी नुसता आवाज आला. मग लोखंडाच्या सळ्या दिसल्या. मग स्लॅब पडायला लागले. प्रत्येक स्लॅबबरोबर ऊन लुगड्यावरून थोडं थोडं मागे सरकत गेलं. आधी लुगड्याचा काठ सावलीत गेला, मग अर्धं लुगडं, मग ऊन नुसतं खिडकीच्या चौकटीला चाटून जायला लागलं. सासूबाई लुगडं ओढून ओढून उन्हाच्या मागे नेत होत्या. एके सकाळी त्यांनी ते झटकून घडी करून कपाटात ठेवलं.

त्या मे महिन्यात सोलांना बुरशी आली. मी थट्टेने म्हटलं, "आई, तुमच्या सोलांना पण सावली मानवली नाही." त्या हसल्या नाहीत. त्यांनी सगळी सोलं कचऱ्यात टाकली आणि नवीन पिशवी ताईकडे वर पाठवली. आता आमचं वाळवण बाराव्या मजल्यावर व्हायला लागलं.

समोरची भिंत इतकी जवळ आली की त्यांच्या पाइपातून पाणी उतरलं की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय तांदूळ निवडता येईना. दोन बिल्डिंगांच्या मधल्या फटीत लोक वरून कचरा टाकायचे आणि तो कुजायचा, म्हणून खिडकी बंद. खिडकी बंद म्हणून भिंतींना ओल. सगळ्या घराला एक दमट वास यायला लागला, आणि माझ्या साडीलाही तो येतो हे मी कामाला जाते त्या दुकानातल्या मुलीने सांगितलं तेव्हा मला तिचा नाही, या घराचा राग आला.

मी स्टेशनजवळच्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर असते. बिल्डिंगमधली बरीचशी माणसं तिथेच येतात. कोणाला शुगर, कोणाला बीपी, कोणाच्या घरी पाळणा हलणार, सगळं मला कळतं आणि मी ते पोटात ठेवते. पण समोरचा टॉवर पूर्ण झाला त्या पावसाळ्यानंतर मला काउंटरमागे उभं राहून भीती वाटायला लागली. खोकल्याच्या औषधाला येणारी माणसं सगळी खालची होती. पहिला मजला, तिसरा मजला, आमच्या शेजारची खोली. वरच्या मजल्यांवरचे लोक यायचे ते अंगदुखीला, ॲसिडिटीला. खालचा माणूस एक बाटली न्यायचा, मग दुसरी, मग आणखी एक. आणि मग एकदम यायचाच बंद व्हायचा. शेजारीण यायची बंद झाली तेव्हा मला वाटलं, चला, बरी झाली. बरी झाली नव्हती. तिला सरकारी दवाखान्यातून टीबीची औषधं चालू झाली होती, ती तिथे फुकट मिळतात. तेव्हापासून एखादा खालच्या मजल्यावरचा दिसेनासा झाला की मी मनात त्याच्या बाटल्या मोजायचे.

मी कमिटीत बोलले. सेक्रेटरी म्हणाला, "अगं, टीबी काय बिल्डिंगमुळे होतो का? जंतूमुळे होतो. तू मेडिकलमध्ये आहेस ना?" त्याचं घर नवव्या मजल्यावर. जंतू अंधाऱ्या, कोंदट खोलीत टिकून राहतो आणि उन्हात मरतो, एवढं मलाही कळत होतं. मी तसं म्हणाले, तर तो म्हणाला की मग खिडकी उघडी ठेवत जा. त्या दिवशी त्याच्या डोक्यात खुर्ची घालायचीच बाकी ठेवली होती मी.

माझी मुलगी बारावीला होती. दिवसभर त्या दमट खोलीत ट्यूबलाइटखाली मान घालून बसायची. मला ते बघवेना. मी ताईला विचारलं, "पोरगी तुझ्याकडे अभ्यासाला बसली तर चालेल?" ती म्हणाली, "विचारतीस काय? पाठव. बारावी बाराव्यावर होऊ दे." तेव्हापासून मुलगी कॉलेजातून आली की पुस्तकं घेऊन थेट वर जायची. ताईचं घर कोपऱ्यातलं, टॉवरच्या आड न आलेलं; तिच्या पूर्वेच्या खिडकीतून पार खाडीपर्यंत दिसायचं, हिरवीगार तिवरं दिसायची. तिथे सतरंजीवर ती वाचत बसायची आणि ताईची नात, अजून शाळेतही न जाणारी, तिच्या मांडीत येऊन झोपायची. मुलगी मांडी न हलवता पानं उलटायची. ताई मला ते कौतुकाने सांगायची आणि मला वाटायचं, निदान माझी पोरगी त्या अंधारातून बाहेर काढली मी.

परीक्षा जवळ आली तशी पोरगी सुकायला लागली. आम्ही म्हटलं, अभ्यासाचं टेन्शन. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. खोकला तर अगदी शेवटी आला, तोही कोरडा. पण त्या आवाजाला माझे कान तयारच होते. मी कसलीही बाटली घरी आणली नाही. दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात घेऊन गेले, थुंकी दिली, एक्सरे काढला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "लवकर आलात, बरी होईल. गोळ्या मात्र एकही दिवस चुकवायची नाही." मी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"

मी नाही म्हणाले. आणि म्हणता म्हणता मला ती सतरंजी दिसली.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांनी गुडघ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "माझ्यामुळे झाला. माझे गुडघे." मी त्यांच्यावर ओरडले, कारण मला त्या क्षणी कुणावर तरी ओरडायचंच होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वर जा आणि सांग तिका. मी येवक शकत नाय. गुडघ्यांसाठी नाय म्हणत."

मी लिफ्टने गेले. ताईचं दार नेहमीसारखं उघडंच होतं. नात जमिनीवर वाट्या मांडून बसली होती आणि घरभर ऊन होतं. ताईने मला बघून आधी विचारलं, "पोरगी दोन दिवस झाले आली नाही गं? पेपर कधी आहे तिचा?" मी दारातच उभी राहिले. आत गेले नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आणि नातीलाही तपासायला न्यायला लागेल हेही.

ताईने उठून नातीला उचललं. वाट्या पडल्या, पोर रडायला लागलं. ती तिला थोपटत राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुठं न्यायचं? किती वाजता?" बस्स. चिडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर मी तिथेच तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं.

दुसऱ्या दिवशी सगळे एकत्रच गेलो. मुलीच्या तोंडावर मास्क, ताई नातीला घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला. नातीचा एक्सरे साफ निघाला. पण इतकं लहान मूल इतके दिवस मांडीवर होतं, म्हणून पुढचे काही महिने तिलाही रोज गोळी द्यायची, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आजार होऊ नये म्हणून. ताईने गोळी कशी द्यायची ते दोनदा विचारून घेतलं. रिक्षा वेगवेगळ्या केल्या. ते माझ्या लक्षात आलं, पण मला वाटलं, पोर झोपलंय, तिला मोकळी जागा हवी असेल.

बिल्डिंगखाली आम्ही एकाच वेळी पोचलो. लिफ्ट खालीच होती, दार उघडं होतं. मी मुलीला घेऊन बाजूला झाले आणि म्हटलं, "चल ताई." ती जागची हलली नाही. झोपलेल्या नातीचं तोंड तिने पदराखाली घेतलं. जिने मला राहतं घर काढून दिलं ती बाई माझ्या पोरीकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती भीती होती. "तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "आम्ही मागून येतो."

तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण माझा पाय उचलेना, आणि तिचाही नाही. लिफ्टचं दार आपोआप बंद व्हायला लागलं तसं मुलीने हात घालून ते अडवलं आणि धरून ठेवलं.

"काकू, तुम्ही जा," ती मास्कमधून म्हणाली. "आम्हाला दोनच मजले जायचंय." आणि ताई आत जाईपर्यंत तिने पाठ वळवून, श्वास रोखून दार धरून ठेवलं. मग माझा हात धरून ती जिन्याकडे वळली, आणि पहिल्या वळणावर कठड्याला टेकून बसली.