कुसाबाईंचे कोरडे हात

कुसाबाईंना हाताला तेल लावायची मनाई मीच केली होती.

गोष्ट २००६ सालची. अन्न तंत्रज्ञानाची पदविका घेऊन मी दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये तपासनीस म्हणून लागलो होतो. माल परदेशी जायचा. द्राक्षाच्या मण्यावर मुळातच एक पांढरट थर असतो. तेलकट बोट लागलं की तो पुसला जातो, मणी डागाळतो आणि पेटी नापास होते. म्हणून बायकांना तेल, व्हॅसलीन, क्रीम सगळं बंद. सकाळी दारात उभा राहून मी एकेकीचा तळहात टिश्यू पेपरवर दाबून बघायचो. हातमोजे होते, पण ते बाहेरचे पाहुणे तपासणीला यायचे त्याच दिवशी निघायचे.

कुसाबाई पन्नाशीच्या. घड देठाला धरून फिरवत खराब मणी असे कातरायच्या की शेजारच्या मण्याला कात्री लागायची नाही. त्या जानेवारीत पारा पाच-सहावर आला. बाहेर थंडी आणि हॉलमध्ये यंत्राची गार हवा. कुसाबाईंच्या अंगठ्याला आणि पेरांना भेगा पडल्या. पदराला हात पुसला की धागा अडकायचा.

"मणी तडकू नये म्हणून बागंत शेकोट्या पेटवत्यात," एकदा त्या मला म्हणाल्या. "आमी तडकलो तं चालतं व्हय, साहेब?"

टेबलावरच्या बाया हसल्या. मीही हसलो.

पुढचं घरातलं मला नंतर कळलं. संक्रांतीनंतर त्यांची सून वैष्णवी दोन महिन्यांची लेक घेऊन माहेराहून आली. मुलगा रविराज सातपूरला कारखान्यात होता. तिथं खोली मिळाली की महिनाअखेरीस तिघं जाणार होते. कुसाबाईंच्या वाट्याला नात पंधराच दिवस. पहिल्या सकाळी त्यांनी तिला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. गालावरून हात फिरवला आणि लाल ओरखडा उठला.

"आई, राग मानू नका," वैष्णवी म्हणाली. "तुमचे हात बरे होईपर्यंत भागीमावशी घालतील आंघोळ."

भागीबाई ही शेजारीण. दुसऱ्या दिवसापासून बाळ तिच्या पायांवर, आणि कुसाबाई पाणी ओतायला.

"कुसे, लांबून वत गं," भागीबाई म्हणायची. "तुझा हात हाय का किसणी?"

पाचव्या दिवशी पॅकहाऊसच्या दारात मी कुसाबाईंचा हात दाबला, तर कागदावर पाचही बोटं उमटली.

"काय लावलंय?"

"कोकमाचं तेल. वितळवून भेगात भरलं व्हतं. साबणानं धुतलं ना पर."

"नियम माहीत आहे ना?"

"हाय माहीत. चार दिस सुट्टी द्या, साहेब. नात जायच्या आत भेगा भरत्याल."

सुपरवायझर गोरक्ष मागून बोलला, "मावशी, ऐन सीझनात सुट्टी? दाराशी दहा जणी उभ्या आहेत. परत याल तेव्हा कात्री दुसरीच्या हातात असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत बघत राहिलो.

मग त्या नळावर गेल्या आणि भांड्यांची पावडर घेऊन काथ्यानं हात घासू लागल्या. परत आल्या तेव्हा कागद कोरडा राहिला. दुपारी मात्र त्यांच्या पेटीतल्या एका घडावर रक्ताचा ठिपका सापडला. मी पेटी बाजूला काढली आणि नियमाप्रमाणे नाव लिहून दिलं. गोरक्षनं त्यांना घरी पाठवलं ते कायमचंच.

दहा-बारा दिवसांनी, त्यांचा जेवणाचा डबा तिथंच राहिला होता तो द्यायला, मी त्यांच्या घरी गेलो. घर शांत होतं.

"रविराजला खोली मिळाली. परवाच गेले." त्यांनी तळहात पुढे केला. भेगा मिटल्या होत्या. "बघा, मऊ झाले."

"एकदा तरी आंघोळ घातलीत का?"

"सून म्हणली, अजून दोन दिस जाऊ द्या. मी म्हणलं, जाऊ दे."

मी म्हणालो, गोरक्षशी बोलतो.

"नको. उद्यापासून भिमाजीच्या कांद्यात निंदायला जायचंय."

त्यांनी डबा उघडला. आतली भाकरी हिरवी पडली होती. ती उकिरड्यावर टाकून त्या चुलीतली राख घेऊन डबा घासायला बसल्या.