कमी दमाचा सूर

वरच्या मजल्यावरची मुलगी शाळेच्या बँडात बिगुल वाजवते. आज सकाळी ती जिन्यातच फतकल मारून बिगुल घासत बसली होती, आणि पितळेच्या पॉलिशचा तो आंबूस, नाकात चढणारा वास थेट माझ्या स्वयंपाकघरात आला. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं तरी मी तशीच उभी. इतक्या वर्षांत या घरात पितळी भांडंही उरलेलं नाही, पण वास आला आणि मी एकदम आमच्या जुन्या बिऱ्हाडाच्या ओट्यावर जाऊन पोचले. तिथे दर रविवारी हे कोटाची पितळी बटणं घासत बसलेले असत, आणि बटणात आपलं तोंड दिसेपर्यंत त्यांचं समाधान होत नसे.

हे म्हणजे माझे यजमान. संस्थानच्या बँडात पहिली क्लॅरिओनेट वाजवत. लग्न होऊन आले तेव्हा नवरा सरकारी नोकरीत आहे एवढंच मला सांगितलेलं होतं. नोकरी फुंकण्याची आहे हे इथे आल्यावर कळलं, आणि माहेरच्यांनी त्यावरून माझी पुष्कळ चेष्टा केली. पण संध्याकाळी टाऊन हॉलच्या बागेत बँड वाजायचा तेव्हा तालमीतले पैलवानसुद्धा कठड्याला टेकून गप्प उभे राहायचे, हे पाहिलं आणि माझी मान ताठ झाली. विलायती तुकडे वाजत, दरबारी चालीचे मार्च वाजत, मधूनच एखादं नाट्यपद निघे. कोणत्या दिवशी काय वाजणार हे मात्र कुणालाच आधी ठाऊक नसे. ते एकट्या मास्तरांना ठाऊक.

बँडमास्तर गडहिंग्लजकडचे. पलटणीत एका गोऱ्या उस्तादाच्या हाताखाली शिकून आलेले. अंगानं आडवे, बोलायला फटकळ. जुन्या राजवाड्याजवळच्या लांबोळक्या खोलीत तालीम चाले, आणि तिथे एक शिसवी कपाट होतं. त्यात नोटेशनचे कागद, एकेका तुकड्याचे, प्रत्येक वाद्याचा पार्ट वेगळा, लाल फितीत बांधलेले. बोटीनं आलेले ते कागद कडेनं पिवळे पडले होते. दर सोमवारी मास्तर एक गोष्ट न चुकता करत. एकेकाला उभं करून एकच सूर लांबवायला लावत, पार दम संपेपर्यंत. स्वतः खिडकीबाहेर बघत राहत. सगळ्यांचं झालं की काही न बोलता कपाट उघडत आणि आठवड्याचे कागद काढून देत. लांब सुराचा आणि कागदांचा संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. मंडळी आपली मास्तरांच्या मागे हसत. संथ तुकडा निघाला की म्हणत, आज मास्तरांचे गुडघे दुखतायत.

स्वातंत्र्य मिळालं त्या पावसाळ्यात यांना छातीचं दुखणं झालं. ताप उतरला, पण धाप गेली नाही. अडुळशाचा काढा, मोहरीच्या तेलाचा शेक, एका वैद्याचं कसलंसं काळं चाटण, सगळं करून झालं. बाजारातून आले तरी उंबऱ्यावर टेकत. फुंकण्याची नोकरी आणि छाती अशी. मला रात्रंदिवस त्याचाच घोर. पण नवल म्हणजे बागेतला बँड पूर्वीसारखाच गोड वाजत होता आणि यांची क्लॅरिओनेट कुठे अडखळत नव्हती. हळूहळू लक्षात आलं की तुकडे छोटे झालेत. मध्ये मध्ये विसावे आहेत, जिथे क्लॅरिओनेट थांबते आणि दुसरी वाद्यं पुढे जातात. हे एकदा जेवता जेवता म्हणाले की मास्तरांची आवड अलीकडे फार मऊ झालीय, म्हातारपण आलं वाटतं. मीही हसले. देवीची त्या शुक्रवारी ओटी भरली, नवऱ्याची छाती सुधारली म्हणून.

मग संस्थान विलीन झालं. बँड ठेवायचा की मोडायचा ते ठरवायला पुण्याहून एक साहेब येऊन ऐकणार, अशी बातमी आली. चांगला वाजला तर पोलिसांकडे जाईल, नाहीतर प्रत्येकानं आपापली वाट धरायची. घराघरांत तेच बोलणं सुरू झालं. कुणाच्या पदरात चार पोरं, कुणाची बहीण लग्नाची. नेमक्या त्याच दिवसांत यांना पुन्हा ताप भरला आणि एक सोमवार चुकला. बरे होऊन तालमीला गेले ते घरी परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. पागोट्यासारखा दिसणारा तो गणवेशाचा फेटा त्यांनी खुंटीला लावला नाही, हातातच धरून बसले. दुसरी क्लॅरिओनेट वाजवणारा तरुण त्यांना सहज बोलून गेला होता: गेल्या सोमवारी तुम्ही नव्हता तर मास्तरांनी कपाटाच्या तळातला मोठा विलायती तुकडा काढला, काय रंगला म्हणून सांगू. आणि आज हे हजर, तर पुन्हा तोच संथ मार्च. दोन वर्षं मास्तर कुणाचा दमसास बघून कागद काढत होते, ते यांना त्या एका वाक्यात कळलं. मला म्हणाले, मी आजारी आहे हे तू जाणतेस, वैद्य जाणतो, पण सबंध बँड माझ्या छातीवर वाजत होता हे मला कुणी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी मास्तर घरी आले. साहेबासमोरच्या कार्यक्रमाचं बोलायला. मी आत चहा टाकला होता आणि कान बाहेर होते.

"काय काढतायसा सायबापुढं?" यांनी विचारलं.

"संथ मार्च, आन् दोन पदं. सगळी मिळून वाजवूया की."

"आन् मोठा तुकडा?"

"त्याची तयारी न्हाय अजून."

"तयारी हाय, मास्तर. मी न्हवतो तवा वाजला की."

मग मास्तर नेहमीपेक्षा हळू बोलले. म्हणाले, कागद निवडताना सगळ्यात लांब सूर धरणाऱ्याकडं बघायचं नसतं, कमी दमाच्याकडं बघायचं, मग बँड एका माणसागत वाजतो. हे मला उस्तादानं शिकवलंय आणि मी ते जन्मभर पाळलंय.

"मग मला काढा," हे म्हणाले. "माझ्यापायी समद्यांच्या चुली इझवू नका."

मी चहाचे कप घेऊन बाहेर आले. पुरुषांच्या बोलण्यात तोंड घालण्याची तेव्हा रीत नव्हती, पण मी घातलं. म्हटलं, "मास्तर, यांचं ऐकू नका. तुम्हाला निवडायचं तेच निवडा." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, कप हातात घेतला, आणि चहा न पिताच खाली ठेवला. मला बँडाची काही पर्वा नव्हती, हे आज स्पष्ट सांगते. चार पोरांची नाही, लग्नाच्या बहिणीचीही नाही. माझा माणूस त्या खुर्चीवर राहावा एवढंच मला हवं होतं. हे त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

साहेब आला त्या संध्याकाळी आम्ही दोघं बागेत गेलो, लोकांत बसलो. यांनी बँड सोडून गणवेश जमा केला होता. यांच्या अंगात साधा कोट होता आणि काळी टोपी. बायकांची बाजू वेगळी असायची, पण त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच बसले आणि कुणी काही म्हटलं नाही. मोठा तुकडा सुरू झाला. मधे सगळी वाद्यं थांबली आणि एकटी क्लॅरिओनेट वर चढली, चढतच राहिली. तरुणानं ती जागा सुरेख घेतली, खोटं कशाला बोलू. यांची बोटं गुडघ्यावर हलत होती. सूर लांबला तसा यांनीही श्वास रोखला, आणि तिकडे सूर संपायच्या आत इकडे यांना खोकल्याची उबळ आली. लोक वळून बघायला लागले. मी माझा पदर त्यांच्या तोंडाशी धरला. साहेब टाळ्या वाजवत होता.

बँड राहिला. माणसं पुष्कळ कमी केली, पण राहिला. यांनी क्लॅरिओनेट कोठीत जमा केली, कारण ती सरकारची होती, आणि कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात फाटकावर हजेरी घेण्याच्या कामाला लागले. मास्तर एकदा आले तेव्हा हे कामावर होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ओट्याखाली उभे राहून म्हणाले, "आता कागद काढताना कुणाकडं बघू, सूनबाई?" मी त्यांच्यावर रागावलेली होते. यांच्यावर तर होतेच. पुढं बागेत मोठमोठे तुकडे वाजू लागले, तडाख्यात, एकामागून एक. सगळ्यांचा दम पुरत होता, पण प्रत्येक वाद्य जरा पुढे पळत असल्यासारखं वाटायचं. मास्तरांनी लवकरच काम सोडलं. हे सत्तावन्नच्या उन्हाळ्यात गेले. शेवटच्या दिवसांत मी एकदा विचारलं, कशाला हट्ट केलात? म्हणाले, कुणी आपल्यासाठी हळू चालतंय हे कळल्यावर चालवत नाही गं.

या वाक्याचा मला वर्षानुवर्षं राग येत होता. हळू चालू दिलं असतंत तर काय बिघडलं असतं, असं मी त्यांच्या फोटोशी भांडले आहे. गेल्या रविवारी मुलगा आणि सून मला जोतिबाला घेऊन गेले. गाडीतून उतरलो. मी पायऱ्यांकडे पाहिलं, आणि त्या दोघांनी एकमेकांकडे. मग सून म्हणाली, आई, आज गर्दी फार आहे, इथूनच हात जोडू या, माझेही पाय दुखतायत. रविवार असला तरी भर दुपारच्या उन्हात पायऱ्या मोकळ्या होत्या. एक नारळवाला तेवढा बसला होता, आणि तोही पेंगत होता. मुलगा मान वळवून डोंगराकडे बघत राहिला, खिडकीबाहेर बघावं तसा. माझ्या गुडघ्यांवर या घराचे रविवार किती दिवसांपासून ठरतायत, ते मला त्या क्षणी कळलं. यांच्यासारखं काहीतरी तोडून बोलावं असं आतून आलंही. पण मी हात जोडले आणि म्हटलं, "होय गं बाई, गर्दी फारच आहे."