खोक्यावर न छापलेलं

"लोक खोकं वाचत नाहीत हो, माझं तोंड वाचतात," असं ती एकदा म्हणाली होती.

तिचं काम तसं सोपं. आजवर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं एक दुखणं थांबवणारं औषध आता चिठ्ठीशिवाय दुकानात ठेवायचं होतं. त्याआधी पाहायचं होतं, की डॉक्टर मध्ये नसताना साधी माणसं खोक्यावरचा मजकूर वाचून स्वतःचं स्वतः नीट ठरवू शकतात का. एक टेबल, दोन खुर्च्या, एक रिकामं खोकं, आणि काचेमागून पाहणारे साहेब. ती प्रश्न विचारायची, उत्तर लिहून घ्यायची. मान हलवायची नाही, हसायचं नाही, 'बरोबर' म्हणायचं नाही. समोरच्याने चुकीचं सांगितलं तरी पेन त्याच गतीने चाललं पाहिजे. वर्षानुवर्षं असं बसून तिच्या चेहऱ्याला पुसलेल्या पाटीची शांतता आली होती. ऑफिसात तिला 'भिंत' म्हणत. घरी सासूबाई नवं कापड खांद्यावर टाकून विचारायच्या, "हा रंग मला शोभतो का गं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"घ्या! विचारलं तर मलाच उलटं विचारते. सून आणली की वकील?"

त्या दुपारी एक म्हातारी आली, गुडघे धरत बसली. रक्त पातळ करणारी गोळी रोज घेते, हे तिने आत येताना नर्सला सांगितलं होतं. खोक्यावर छापलं होतं, अशी गोळी चालू असेल तर हे औषध घेऊ नका. म्हातारीने ते मोठ्याने, न अडखळता वाचलं.

"समजा, तुमच्या शेजाऱ्यांना अशी गोळी चालू आहे. त्यांनी हे घ्यावं?"

"छे! जिवाशी खेळ का?"

"आणि तुम्ही घ्याल?"

"घेईन की. गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय बाई."

धोक्याची सूचना माणसाला नेहमी शेजाऱ्यासाठीच लिहिलेली वाटते. दुखणं आपलं असतं, अक्षरं परकी. म्हातारीने शाबासकीच्या आशेने वर पाहिलं. आणि भिंत हलली. मान किंचितच, पण 'नाही' अशी.

"अगंबाई, नको नको! माझीही तीच गोळी की. नाही घेणार."

तसं लिहिलं गेलं. दाराशी नर्सने म्हातारीला सगळं पुन्हा समजावून घरी सोडलं.

संध्याकाळी साहेब खूश होते. बरोबर उत्तरं हवी होती तेवढीच भरली होती; खोकं काठावर पास झालं होतं.

"दुपारच्या आजींचं उत्तर काढा," ती म्हणाली. "मी मान हलवली."

"अहो, उत्तर बरोबरच आहे ना?"

"माझं आहे ते. त्यांचं नाही."

"एवढीशी मान! काचेमागून आम्हाला दिसलीसुद्धा नाही."

"त्यांना दिसली. दुकानात खोक्याबरोबर मी मिळणार आहे का?"

"हे काढलं की खोकं नापास. मजकूर नव्याने, माणसं नव्याने, सगळं पहिल्यापासून. आजी तर समजून उमजून घरी गेल्या. मग कुणाचं काय बिघडलं?"

तिने आजींच्या उत्तराचा कागद साहेबांपुढे सरकवला. ज्यांचे गुडघे अजून दुखायचे होते, त्यांची नावं दोघांनाही माहीत नव्हती.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले, "डोक्याला ताप," असं काहीसं पुटपुटले, आणि त्या उत्तरावर आडवी रेघ मारली.

तिने पर्स उचलली, खुर्ची टेबलाखाली सरकवली, आणि बाहेर पडली.