दोन हिसके

"दोर बोलतो, आपण गप्प राहायचं," असं उलटेकाका नेहमी म्हणत. दोर वळताना कमरेला गुंडाळलेल्या तागाचे तंतू सोडत ते मागे मागे चालत, म्हणून हे नाव पडलेलं. पोरं विचारत, "काका, पुढे कधी जाणार?" ते म्हणत, "माझं पुढे पाठीमागेच आहे, बाबांनो."

लांबलचक शेडच्या दुसऱ्या टोकाला त्यांची लेक चाक फिरवायची. चाकाच्या घरघरीत हाक पोचत नसे. म्हणून दोराला एक हिसका म्हणजे हळू, दोन म्हणजे जोरात. लेक मधूनच मंदावायची, छाती आवळते म्हणायची. दवाखान्यात निजवून काढलेली हृदयाच्या ठोक्यांची पट्टी चांगली आली, तेव्हापासून काका तिला चिडवत, की राणीसाहेबांना फक्त चाकाचा आजार आहे.

त्या दिवशी दोर सैल पडला. काकांनी सवयीने दोन हिसके दिले. चाक गरगरलं. मग दोर जमिनीला टेकला आणि पुन्हा उठलाच नाही.

शेजारचा सुतार कोसळलेल्या लेकीची छाती दाबत राहिला, म्हणून ती इस्पितळापर्यंत पोचली. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. हृदयाला रक्त देणारी डावी धमनी जन्मापासूनच भलत्या जागेवरून निघाली आहे, आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या फटीतून जाते. स्वस्थ बसलं की काही कळत नाही. हृदय धावू लागलं की ती चेपते. असं फार क्वचित आढळतं. शस्त्रक्रिया करून वाट बदलता येईल, पण हृदय आता दुखावलंय. टेबलावरून ती उठेलच, असं सांगता येणार नाही. न करता घरी नेली, तर कधी कोसळेल याचाही नेम नाही.

काकांनी बाईंचे पाय धरले. माझी धमनी काढून तिला बसवा म्हणाले. बाईंनी त्यांना उठवलं आणि तसं होत नाही, एवढंच सांगितलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांना खाटेपाशी सोडलं.

"दोन हिसके मी दिले गं," ते म्हणाले.

"तुम्ही नेहमी दोनच देता, बाबा," ती क्षीण हसली. "एक कधी देणार?"

परिचारिका म्हणाली, आता निघा. काकांना लेकीकडे पाठ फिरवता येईना. ते तसेच मागे मागे चालू लागले, खाटांच्या मधून, एकाही खाटेला न धडकता. दारापाशी त्यांचा हात कमरेशी गेला आणि त्यांनी हवेत एकच हिसका दिला, हलकासा.

ते उलटेच बाहेर गेले. लेक उशीवरून मान न हलवता दाराकडे बघत राहिली.