जुन्या आजीचं बोंडलं

वडनेर भोलजीत कोणाचं लेकरू सर्दीनं घुसमटलं, की त्याची आई पहिल्यांदा येणार ती वच्छलाबाईच्या ओट्यावर. दवाखाना मग. तव्यावर शेकलेली ओव्याची पुरचुंडी छातीला लावायची, कोमट तेल तळपायाला चोळायचं, हे तिचे उपाय. लोक म्हणत, बाईच्या हाताला गुण आहे. ती वरवर म्हणायची, "कायचा गुण वो, लेकरू आपोआप बरं होते." पण असं कोणी म्हटलं नाही, तर दोन दिवस त्या घरावरून जाताना तिची मान दुसरीकडे असायची.

तिच्याकडे एक पितळेचं बोंडलं होतं, लेकराला दूध पाजायचं, चोचीचं. पहिल्या बाळंतपणाला आईनं दिलेलं. मुलगा गजेंद्र त्यावरच वाढला आणि आता नात अर्पिताही. दूध असो, काढा असो की बाळगुटी, वच्छलाबाईचं माप एकच. पाव बोंडलं, अर्धं बोंडलं, भरून बोंडलं. चाळीस वर्षांत हे माप कधी चुकलं नव्हतं, निदान तिच्या लेखी तरी.

दसरा झाला आणि मेहकरहून विहीणबाई आल्या. सून पुष्पांजलीला नांदुऱ्याच्या एका पतसंस्थेत नोकरी लागली होती, तेव्हा तिच्या आई सिंधूताई 'पंधरा दिवस हाताखाली राहते' म्हणून आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. चष्मा साखळीला बांधलेला, बोलणं पुस्तकातल्यासारखं, आणि पिशवीत नातीसाठी रंगीत खडू. तिसऱ्या दिवशी अर्पिता त्यांच्या कुशीत झोपायला लागली. चौथ्या दिवशी पोरीनं दोघींची वाटणी करून टाकली. सिंधूताई झाल्या 'नवी आजी' आणि वच्छलाबाई 'जुनी आजी'.

जुनी! वच्छलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मल्या दिवसापासून जिला न्हाऊ-माखू घातलं, तिनं आपल्याला फाटक्या गोधडीच्या रांगेत बसवावं? घरात सगळे हसले. गजेंद्रही हसला. वच्छलाबाईनं त्या दिवशी भाकरी इतक्या जोरात थापल्या की शेजारच्या सत्यभामाबाई डोकावून गेल्या.

त्यात सोयाबीन काढणीला आलेलं. गावभर मळणीयंत्रं सुरू, कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ घराघरात. या दिवसांत अर्पिताला दरवर्षी शिंका लागायच्या. नाक गळायचं, डोळे लाल व्हायचे. वच्छलाबाईनं पुरचुंडी शेकली, तेल चोळलं. शिंका थांबल्या नाहीत. सिंधूताईंनी पिशवीतून एक बाटली काढली. मेहकरचा त्यांचा दुसरा नातू ऋत्विक सात वर्षांचा. त्याच्या अॅलर्जीसाठी तिथल्या डॉक्टरांनी दिलेलं लाल, गोड सिरप.

"यात दोन औषधं एकत्र असतात," त्या चष्म्यातून बाटली वाचत म्हणाल्या. "एकानं शिंका थांबतात, दुसऱ्यानं चोंदलेलं नाक मोकळं होतं. चार वर्षांपासून देता येतं, असं लिहिलंय. आपल्या अर्पिताला चौथं लागलंच की."

"हाव, लागलं ना," वच्छलाबाई म्हणाली. श्रावणातच पोरीची तीन वर्षं भरली होती, म्हणजे चौथं लागलं. आपल्याकडे वय असंच मोजतात. यात काही खोट असेल, असं दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

बाटलीच्या झाकणानं मोजून सिंधूताईंनी औषध दिलं. तासाभरात शिंका गेल्या आणि पोरगी गाढ झोपली. आल्या-गेल्याला सांगायला विषय मिळाला. सत्यभामाबाई तर वच्छलाबाईच्याच ओट्यावर बसून म्हणाल्या, "ईनबाईच्या हातचा गुण पाह्यला काय वो?" वच्छलाबाईनं तिच्या चहात साखरच घातली नाही. तो चहा सत्यभामाबाईंनी निमूट प्यायला.

खरं सांगायचं तर तिचं पोट दुखत होतं. ज्या एका गोष्टीसाठी गाव तिला ओळखत होतं, ती गोष्ट एक परकी बाई, तिच्याच घरात, तिच्याच नातीवर, एका बाटलीनं करून दाखवत होती. आणि पोरगी त्या बाटलीकडे हसत धावत होती. जुन्या आजीच्या काढ्याला मात्र ती तोंड वाकडं करायची.

औषध सुरू झाल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी नऊला सिंधूताईंनी औषध दिलं. दुपारी एकच्या सुमाराला मागच्या वाड्यात पुन्हा मळणीयंत्र लागलं आणि अर्पिता शिंकायला लागली. सिंधूताई जेवून आडव्या झाल्या होत्या. गजेंद्र शेतात, पुष्पांजली नांदुऱ्याला. वच्छलाबाईनं फ्रिजवरची बाटली पाहिली. मनात आलं, आज ही माझ्या हातानं थांबेल. विहीणबाई उठतील तेव्हा पोरगी खेळत असेल.

तिनं बोंडलं घेतलं. भरून.

अर्पितानं गटागटा पिऊन ओठ चाटले. वच्छलाबाईनं तिचं तोंड पदरानं पुसलं आणि कानाशी वाकून म्हणाली, "नव्या आजीले सांगू नको बरं. आपल्या दोघींचं गुपित." पोरीनं डोळे मिचकावत ओठांवर बोट ठेवलं. किती दिवसांनी दोघींत असं काही झालं होतं! वच्छलाबाईला औषध देण्यापेक्षा त्याचाच आनंद झाला.

शिंका थांबल्या. पण पोरगी झोपली नाही. आधी कारण नसताना हसायला लागली, पलंगावरून उड्या मारायला लागली. मग किरकिर करू लागली. गाल लालबुंद, ओठ कोरडे. वच्छलाबाईनं तिला उचललं, तर पोरीची छाती तिच्या हाताखाली भराभर उडत होती. आणि मग तिनं एकदम मान आजीच्या खांद्यावर टाकली.

"ईनबाई!" वच्छलाबाई ओरडली. "उठा वो! पाहा हिले काय होऊन राह्यलं!"

सिंधूताई धावत आल्या. वच्छलाबाई मिठाच्या पाण्यासाठी स्वयंपाकघराकडे निघाली, ओकून सगळं बाहेर पडेल म्हणून. सिंधूताईंनी तिचा हात धरला. "ओकवायचं नाही. गुंगीत घशात अडकेल. डॉक्टरकडेच न्यायचं, आत्ता." त्यांनी बाटली पिशवीत टाकली आणि गजेंद्रला, मग पुष्पांजलीला फोन लावला. वच्छलाबाईनं गडबडीत चिकट बोंडलं उचललं आणि लुगड्याच्या ओच्यात खुपसलं. कोणाला दिसू नये म्हणून.

शेतातून धावत आलेल्या गजेंद्रनं गल्लीतली रिक्षा आणली. नांदुऱ्याच्या वाटेवर वच्छलाबाईच्या ओच्यातलं बोंडलं पोटाला टोचत होतं. सांगितलं, तर उद्या गाव काय म्हणेल? वडनेरच्या वच्छलाबाईनंच नातीला अपाय केला. आणि या विहीणबाई! जन्मभर बोट दाखवतील. पोरगी आपोआप सावरली, तर सांगायची गरजच काय?

लहान मुलांच्या दवाखान्यात पुष्पांजली दारातच उभी होती. डॉक्टरीणबाईंनी नाडी मोजली, छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली. बाटली पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"वय किती?"

"चौथं चालू आहे, श्रावणात तीन पूर्ण झाली," सिंधूताई म्हणाल्या.

"म्हणजे साडेतीनसुद्धा नाही. चार पूर्ण लागतात, बाई. त्याआधी हे मिश्रण द्यायचंच नाही. आणि ही बाटली हिच्या नावाची आहे का?"

सिंधूताईंचा चेहरा पांढरा पडला. "नातवाची आहे. मी... मी वाचलं होतं. आज सकाळी नऊला एक झाकण दिलं."

वच्छलाबाईच्या मनात, खोटं कशाला बोला, एक गार झुळूक येऊन गेली. पुस्तकं वाचणाऱ्या बाई चुकल्या! पण ती झुळूक टिकली नाही.

"पण सकाळी घेतलेलं एक झाकण आता एवढं करणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नंतर आणखी काही दिलं का? किती गेलंय यावर सगळं आहे. इथं ठेवायचं की अकोल्याला पाठवायचं, ते मला ठरवायचंय."

सिंधूताईंनी नाही म्हटलं. डॉक्टरीणबाई पोरीवर वाकल्या. "बेटा, दुपारी कोणी गोड औषध दिलं का?"

अर्पितानं जड पापण्या उघडल्या. खोलीभर नजर फिरवली आणि वच्छलाबाईवर थांबवली. मग मान हलवली, नाही. आणि हळूच, कष्टानं, ओठांवर बोट ठेवलं.

इतके दिवस जे हवं होतं, ते वच्छलाबाईला मिळालं होतं. पोरगी आपली होती. नव्या आजीपेक्षा आपली, आईपेक्षाही आपली. अर्धवट शुद्धीत, छाती धडधडत असताना ती जुन्या आजीचा शब्द पाळत होती, आणि त्यापायी जीव गेला असता तरी पाळला असता.

"म्या देल्लं," वच्छलाबाई म्हणाली. "म्या देल्लं, दुपारी एकले. तिले सांगू नको म्हटलं. यायनं सकाळी देल्लं होतं हे मले ठाऊक होतं, तरी देल्लं." आणि तिनं ओच्यातून बोंडलं काढून टेबलावर ठेवलं. "याच्यानं. भरून."

डॉक्टरीणबाईंनी झाकणानं पाणी मोजून बोंडल्यात ओतलं. एक, दोन, तीन. चौथ्याला काठावरून सांडलं. मग त्यांनी अकोल्याला फोन लावला, तिथल्या डॉक्टरांशी बोलल्या आणि पोरीच्या बोटाला नाडी मोजायचं यंत्र लावलं. "सांगितलंत ते बरं केलं," एवढंच म्हणाल्या.

पोरीला रात्रभर तिथंच ठेवलं. अंधार पडायच्या आत छातीची धडधड उतरली. डोळे उघडून तिनं पहिली हाक मारली ती आईला. पुष्पांजलीनं तिला मांडीवर घेतलं. दोन्ही आज्या बाकावर बसून ते पाहत राहिल्या. सिंधूताई म्हणाल्या, "बाटली मीच आणली होती." वच्छलाबाई त्यावर 'हाव' म्हणणार होती. तिनं ते गिळलं आणि विहीणबाईला पाण्याची बाटली दिली.

घरी निघताना डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या वजनानं दुसरं, साधं औषध लिहून दिलं. देणारं माणूस एकच, तिची आई. मोजायचं ते बाटलीसोबतच्या मापानंच. मळणी चालू असेल तेव्हा पोरीला घरात ठेवायचं. सिंधूताई दोन दिवसांनी मेहकरला गेल्या. अर्पिता त्यांच्यासाठी रडली आणि वच्छलाबाईला ते आवडलं नाही. आता एवढ्यानं माणूस बदलतं थोडंच!

त्या दुपारी तिनं नातीला ओट्यावर शेजारी बसवलं. "पाह्य अर्पिता, कोनती बी आजी 'सांगू नको' म्हटली ना, तं मायले सांगाचं. लगेच."

अर्पितानं विचार केला. "नव्या आजीनं म्हटलं तं?"

"हाव."

"अन् तू म्हटलं तं?"

वच्छलाबाईनं तिचं नाक पदरानं पुसलं.

"म्या म्हटलं तं सगळ्यात पयले."