न नेलेल्या पदव्यांची हजेरी

दरवर्षी पदवीदान उरकलं की विद्यापीठाकडून आमच्या मुलुंडच्या कॉलेजात पदव्यांचे गठ्ठे येत. त्यानंतरच्या एका शनिवारी दुपारी, ऑफिस रिकामं झालं की परबकाका खिडकी नंबर चारच्या मागचं लोखंडी कपाट उघडत. वर्षानुवर्षं कोणी न नेलेल्या पदव्या त्यात होत्या. कागदांना हवा द्यायची, जुन्या डांबरगोळ्या काढून नव्या टाकायच्या, एवढंच खरं तर काम. पण काका चष्मा पुसत, नोंदवही उघडत आणि एकेका पदवीवरचं नाव मोठ्याने वाचत. वाचून झालं की मान थोडी तिरकी करून थांबत. मग स्वतःशीच ‘हं’ म्हणून पेन्सिलीने बारीक टिक करत आणि पुढचं नाव घेत. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला हसू आवरेना. दुसऱ्या वर्षी मी हसले नाही.

काकांची नि माझी पहिली गाठ मी विद्यार्थिनी असताना पडली. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला एक विषय निवडायचा आणि सगळे पेपर त्याचेच द्यायचे. पदवी त्या विषयाची म्हणून ओळखली जाते. मी फॉर्मवर ‘अर्थशास्त्र’ लिहिलं आणि खिडकीत सरकवला. काकांनी तो वाचला, मग माझ्याकडे पाहिलं आणि परत केला.

“हा फॉर्म तुझा नाय.”

“माझाच आहे. अक्षर बघा ना.”

“लिवलंस तू. पण बोललाय कोणतरी दुसरा. घरी जा नि तुझा फॉर्म घेऊन ये.”

मी फॉर्म पटकन पाठीमागे लपवला. कारण आदल्या संध्याकाळी घाटकोपरच्या आमच्या खोलीत पप्पा समोर बसले होते आणि मी त्यांनी सांगितलं तसं लिहीत होते. पप्पांचं चूक नव्हतं. जालन्याहून येऊन त्यांनी गोदामात हमालीपासून सुरुवात केली होती, घरातली पहिली पदवीधर मी होणार होते, आणि अर्थशास्त्र म्हणजे बँक हे त्यांचं पक्कं गणित होतं. मला मानसशास्त्र हवं होतं, पण ते मी कोणापुढे उच्चारलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नवा फॉर्म नेला. काकांनी न बघताच शिक्का मारला. पप्पा मात्र आठवडाभर म्हणत होते, “आता काय वेड्यांच्या इस्पितळात लागणार काय गं तू?”

वाट लागली ती नंतर. नुसत्या बी.ए.वर मानसशास्त्राला कोणी विचारत नाही, पुढे एम.ए. करावं लागतं, तेव्हा कुठे समुपदेशकाची नोकरी दिसते, हे मला निकालानंतर कळलं. त्याच सुमारास पप्पांची बायपास झाली. धाकटा भाऊ शाळेत. कॉलेजच्या ऑफिसात हंगामी कारकुनाची जागा होती, ती मी घेतली. एक वर्ष करू, मग एम.ए., असं ठरवलं आणि त्या एका वर्षाची सात वर्षं झाली. टेबल मिळालं ते परबकाकांच्या शेजारचं.

माझी पदवी आली तेव्हा मी ती नेली नाही. एम.ए.चा प्रवेश घेईन त्या दिवशी सही करून नेईन, असं मनाशी म्हटलं. मग कायम होताना तिची प्रत मागितली गेली. काकांनी कपाटातून पदवी काढली, झेरॉक्स केली आणि माझ्यापुढे नोंदवही सरकवली. “सही कर नि घेऊन जा गो बाय.” मी “नंतर” म्हटलं. त्यांनी ती परत आत ठेवली आणि कपाटाला किल्ली लावताना माझ्याकडे पाहिलं नाही.

पोरं पदवी का नेत नाहीत, यावर काका तासभर बोलू शकत. “मार्कशीटवर नोकरी लागता. मग हा कागद कोणाक हवा? रसायनशास्त्रवाला फ्लॅट विकतो, वनस्पतीशास्त्रवाला विमा. त्यांका वाटता, आपण विषय सोडलो.” मग आवाज खाली आणून म्हणत, “विषय नाय सोडत. पदवी घरी गेली नाय, तर माणूस अर्धो हयच रवता.”

म्हातारा चळलाय म्हणून मी सोडून द्यायचे. मग तो शनिवार आला. काका एका मुलाच्या नावापाशी अडले. थांबले, पुन्हा हाक मारली, बराच वेळ मान तिरकी करून राहिले. टिक केली नाही. ती पदवी त्यांनी पाकिटात घातली आणि स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. मंगळवारी एक बाई खिडकीशी आल्या. हातात मुलाचा मृत्यूचा दाखला होता. नाव तेच. मुलगा आठवड्यापूर्वी अपघातात गेला होता. काका उठून उभे राहिले आणि पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी दिलं. त्या बाई कागदावरून बोटं फिरवत बराच वेळ तिथेच उभ्या होत्या.

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं?” त्या गेल्यावर मी विचारलं.

“कोण सांगतला? हाक मारल्यावर कळता गो. बाकीचे ओ देतत.”

पुढच्या वर्षी मी मुद्दाम हजेरीला थांबले. सोक्षमोक्षच लावायचा होता. भाऊ तोवर कमावता झाला होता, घरात मला अडवणारं काही उरलं नव्हतं, आणि तरीही एम.ए.चा फॉर्म मी भरत नव्हते. काकांनी माझं नाव घेतलं. मी त्यांच्या समोर तीन हातांवर उभी होते. ओठ घट्ट मिटून घेतले. काका थांबले. ‘हं’ म्हणाले. टिक केली.

“काका, मी बोललेच नाही.”

“तू नाय बोललंस,” ते शांतपणे म्हणाले. “ती बोलली.” आणि कपाटाकडे बघत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, “तुझो फॉर्म मी फिरवलंय, माका ठाऊक आसा. तुका हय बघितलं की माका झोप नाय लागत. तिका घेऊन जा.”

मी खूप चिडले. तुमच्यामुळेच मी इथे सडतेय, असं काहीतरी बोलले. ते मला परत घेता आलं नाही, कारण निवृत्तीला चार महिने राहिले असताना काका जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं टेकून बसले ते उठलेच नाहीत.

किल्ली माझ्याकडे आली. पदव्यांचे नवे गठ्ठेही आले. शनिवारी दुपारी मी कपाट उघडलं आणि कोणी सांगितलं नसताना नावं वाचू लागले. ऐकू असं काही आलं नाही, खोटं कशाला सांगू? पण खोली रिकामी वाटत नव्हती. हात आपोआप टिक करत होता. सगळ्यांत खालच्या कप्प्यात, पार पिवळी पडलेली पदवी निघाली. सदानंद विठ्ठल परब. तत्त्वज्ञान. प्रथम श्रेणी. नोंदवहीत त्या नावापुढे दरवर्षीची एकेक टिक होती, काकांच्याच पेन्सिलीची. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं, पण हे नाव त्यांनी माझ्यासमोर कधी मोठ्याने घेतलं नव्हतं.

मी हाक मारली. थांबले. पंखा तेवढा फिरत होता. खोली एकदम ओस पडली.

आता एकच नाव उरलं होतं, मी मुद्दाम मागे ठेवलेलं, माझं. ते घ्यायची माझी छाती झाली नाही. ओ आली असती तरी मेले असते आणि नसती आली तरी. मी नोंदवहीत सही केली, दोन्ही पदव्या उचलल्या आणि कपाट बंद केलं.

माझी पदवी मी घरी नेली आणि काकांची जोगेश्वरीला त्यांच्या घरी नेऊन दिली. काकूंनी ती पदराने पुसली. म्हणाल्या, “प्राध्यापक व्हायचं होतं त्यांना. एम.ए. अर्धं राहिलं. मी दरवर्षी म्हणायची, आणा की घरी ती पदवी, भिंतीवर लावू. तर म्हणायचे, ती घरी आणली तर उद्या ऑफिसात कोण जाईल?”

मला रडू आलं. काकूंनी पाणी दिलं आणि कशासाठी रडतेय ते विचारलं नाही.

त्याच जूनमध्ये मी राजीनामा दिला आणि एम.ए.ला प्रवेश घेतला. वर्गात सगळ्यांहून सहा-सात वर्षांनी मोठी. पहिल्याच तासाला मॅडमनी हजेरी घेतली. बाकीचे “येस मॅम” म्हणत होते. माझं नाव आलं आणि माझ्या तोंडून केवढ्याने तरी “ओ!” निघालं. वर्ग हसला, सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. मी मात्र मान तिरकी करून थांबले होते. दुसरीकडून कुठूनही आवाज आला नाही.